शिंप्याच्या भिंतीवरची हातोडी

मिस्त्रींच्या गॅरेजात सगळी हत्यारं होती, फक्त हातोडी नव्हती. ती रस्त्यापलीकडे, तीस पावलांवरच्या शिंप्याच्या पडवीत एका खिळ्याला टांगलेली असायची. मिस्त्रींनीच ती तिथे ठेवली होती. एखादा बोल्ट हटून बसला आणि माणसाचं डोकं फिरलं की हात आपोआप हातोडीकडे जातो. मिस्त्रींना मात्र आधी पाना खाली ठेवावा लागे, लुंगीला हात पुसावे लागत, रस्ता ओलांडावा लागे. तिथे शिंप्याशी दोन शब्द बोलून बहुतेक वेळा ते रिकाम्या हाताने परत येत. शिंपी मागून विचारी, "काय ओ, नेत नाय?" मिस्त्री मान न वळवता सांगत, "नको. गेलो राग."

देवगडात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. वडील मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करत, तेच काम मुलाकडे आलं. पुढे जीप, टेम्पो, स्कूटर असं जे येईल ते. त्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे ते अर्धं गंमत म्हणून. उरलेलं अर्धं गंमत नाही, आणि ते लिहायला मी अकरा वर्षं उशीर केला आहे.

टपाल खात्यातून निवृत्त होऊन मी गावी आलो तेव्हा माझी स्कूटर घेऊन प्रथम त्यांच्याकडे गेलो. स्कूटर चढावर मरत होती. मिस्त्रींनी तिला हातसुद्धा लावला नाही. मला बाकावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. रात्री ती कुठे असते? वर छप्पर कसलं? समुद्र किती लांब? वारा कुठल्या अंगाने लागतो? मी एकेक उत्तर देत होतो आणि ते डॉक्टरसारखे मान हलवत होते. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "मास्तर, खरा सांगा. लाथ रागान मारतास काय तिका?"

मी पोस्टमास्तर होतो, म्हणून मास्तर. मी कबूल केलं की सकाळी कधी कधी मारतो.

"तरीच," ते म्हणाले. "आज ऱ्हवांदे हंय. आज फक्त वळख."

पहिल्या दिवशी कुठल्याच गाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. घाईच्या माणसाला ते स्वतःच दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवत, आणि वर तिथल्या मेकॅनिकची तारीफही करत. स्कूटर तिसऱ्या दिवशी नीट झाली. मी मात्र चौथ्या दिवशीही गेलो, पाचव्याही. पुढची सहा-सात वर्षं माझी दुपार त्या बाकावरच गेली. मला कुतूहल होतं, दुसरं काय. चाळीस वर्षं मी लोकांची बंद पाकिटं इकडून तिकडे केली, एकही उघडून पाहिलं नाही. इथे हा माणूस माझ्यासमोर एकेक गोष्ट उघडत होता.

इंजिन उतरवायचं असलं की ते जमिनीवर कोळशाने त्याचं चित्र काढत. अगदी बेढब, लहान मुलाने काढल्यासारखं. मग जो स्क्रू जिथून निघेल त्या जागी नारळाची एक करवंटी ठेवून त्यात तो टाकत. दुपारपर्यंत शेडभर करवंट्या मांडलेल्या दिसायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, इथे कसलं तरी देवकार्य चाललं आहे. एकदा शिंप्याच्या बायकोची कोंबडी आत शिरली आणि तिने एका करवंटीतला तांब्याचा वॉशर गिळला. मिस्त्रींनी कोंबडी पकडून दोन दिवस खांबाला बांधली, तांदूळ घातले, पाणी ठेवलं आणि वाट पाहत बसले. शिंपीण भांडायला आली. तिची कोंबडी म्हणजे काय चोर आहे का, असं तिचं म्हणणं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "चोर कोण म्हणता, वैनी? माजो वायसर तिच्याकडे ठेवणीक आसा. दिल्यान काय सोडतलंय." तिसऱ्या सकाळी तो मिळाला. धुऊन, पुसून, जिथला होता तिथे बसवला. ती जीप अजून फिरते असं ऐकतो.

आणि भरती-ओहोटी. गच्च बसलेली कुठलीही वस्तू ते फक्त ओहोटीलाच सोडवत. सकाळी तिच्यावर तेल सोडत, शेजारी शंभराचा बल्ब लावून तिला ऊब देत, आणि मग काहीही न करता थांबत. मधूनच शेडच्या मागे जाऊन खाडीचा चिखल किती उघडा पडला आहे ते बघून येत. चिखलावर बगळे उतरले की पाना हातात घेत.

असं का, हे मी त्यांना कितीदा विचारलं असेल. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. बँकेच्या साहेबांची गाडी आली होती तेव्हा शुद्ध मराठीत सांगितलं, "धातूला गरम होऊन थंड व्हायला पाच-सहा तास लागतात, साहेब. शास्त्र आहे." एका खलाशाला म्हणाले की तुझं जाळं तू कधी टाकतोस ते मी विचारतो का? मला मात्र एका श्रावणात, काम नव्हतं तेव्हा, खरं सांगितलं असावं. त्यांचे वडील लाँचीतच बसून इंजिन दुरुस्त करत. भरतीला लाँच हलते, पाना घसरतो, हात सोलतो. ओहोटीला लाँच चिखलावर टेकते, तेव्हा काम करायचं. "मी जमिनीर काम करतंय, माका म्हायत आसा," मिस्त्री म्हणाले. "पण भरतीक पानो धरलो काय बापाशीची आठवण येता, आणि हात चुकता."

हात चुकणं ही एकच गोष्ट ते मानत. त्यांच्या हातून दुसऱ्याची वस्तू कधी बिघडली नव्हती. हे ते सांगत नसत, बंदरावरचे लोक सांगत. नवी लाँच घेणारा माणूस विकत घेण्याआधी त्यांना इंजिनावर नुसता हात ठेवायला घेऊन जाई.

आता गाडी.

माझा एक शाळेतला सोबती कुणकेश्वरच्या वाटेवर राहतो. हापूसची मोठी बाग, मुंबईला पेट्या जातात. त्याने हौसेने एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली, दोन माणसांची, उघड्या टपाची, पन्नास वर्षांपूर्वीची. ट्रकवर चढवून ती घाट उतरवून आणली. इंजिन सुरू व्हायचं, पण ऑइलच्या काट्याला जीव नव्हता. मीच त्याला म्हणालो, मिस्त्रींकडे दे. मीच मिस्त्रींना म्हणालो, घ्या. आणि मीच सोबत्याला शब्द दिला की त्याचे मुंबईचे पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी येतील तेव्हा गाडी तयार असेल. हा शब्द मिस्त्रींचा नव्हता. त्यांना तो माहीतही नव्हता.

सोबत्याने गाडीबरोबर तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. ते मी घरी नेऊन वाचलं. रोज दुपारी मिस्त्रींना मी त्यातला एखादा परिच्छेद मराठीत सांगायचो. ते आदराने ऐकून घ्यायचे आणि गाडीकडेच बघत बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, फक्त एक जास्त. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सोबत्याला म्हणाले, "हिणा समुद्र पयल्यांदाच बघल्यान काय?" सोबती हसला. मिस्त्री हसले नाहीत.

आठवड्याने त्यांना दुखणं सापडलं. इंजिनाच्या कुशीत ऑइलचा दाब सांभाळणारा एक व्हॉल्व्ह असतो. बाहेरून एक मोठा गोल डोक्याचा नट, त्याच्या आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पुढे अंगठ्याएवढी पोलादी वाटी. दाब वाढला की वाटी मागे सरकते आणि जादा ऑइल परत खाली सोडते. नट निघाला, स्प्रिंग निघाली. वाटी मात्र बिळातच, उघड्या अवस्थेत चिकटून बसली होती. म्हणून सगळं ऑइल परत जात होतं आणि काट्याला काही कळत नव्हतं. वाटी आत, खोल. पकडायला कड नाही, चिमट्याला जागा नाही.

पुस्तकात चार उपाय होते. मिस्त्रींनी पाचवा काढला. पांगाऱ्याचं सुकं, हलकं लाकूड घेऊन त्याची एक खुटी तासली. वाटीच्या पोकळीत जाईल इतकी बारीक. आधी रॉकेलच्या चिंधीने आतलं तेल टिपून घेतलं, कारण तेलकट लाकूड पाणी पीत नाही. मग खुटी बोटाने आत सारली. ठोकली नाही, सारली. आणि कापसाने तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडलं. लाकूड फुगेल, आतून वाटीला धरेल, मग ओहोटीला खुटी हळूहळू फिरवत ओढायची. होडीच्या फळ्या पाण्यात फुगून एकमेकींना धरतात, त्याच रीतीने. मी विचारलं, फार फुगली तर? ते म्हणाले, वाटी पातळ आहे, फार फुगली तर तीही फुगेल आणि बिळाला घट्ट धरेल. म्हणून तर खुटी सैल ठेवली आहे.

हे सगळं शुक्रवारी सकाळी. ओहोटीने चिखल उघडा पडायला चार वाजणार होते. दुपारी मिस्त्री नमाजाला आणि तिथून जेवायला घरी गेले. जाताना मला सांगून गेले, अधूनमधून एक थेंब, जास्त नको.

मी एकटाच होतो. खुटी बोटाने हलवून पाहिली. ती हलली. मला वाटलं, ही कसली धरते. चारला निघाली नाही तर हे म्हणणार, उद्या बघू. आणि पाच वाजता पाहुणे येणार, माझ्या शब्दावर. पुस्तकात एका ठिकाणी हलके ठोके द्यावेत असं लिहिलेलं मला आठवत होतं. ते कशाबद्दल होतं, हे मी परत उघडून पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. इतकी वर्षं नुसतं बघत होतो. एकदा तरी काहीतरी माझ्या हातून सुटावं, असं मला फार वाटत होतं.

रस्ता ओलांडून मी शिंप्याच्या पडवीत गेलो. शिंपी जेवायला आत होता. खिळ्यावरची हातोडी काढली. ती तीस पावलं मीही चाललो, जायला तीस आणि यायला तीस. माझ्या डोक्यातली घाई मात्र गेली नाही.

खुटीवर मी चिंधीची घडी ठेवली. लाकूड मऊ होतं, ठोक्याचा वण उठला असता. म्हणजे हे कळता कामा नये, हे मला ठोकण्याआधीच माहीत होतं. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो एक भोळेपणा होता. चिंधीची घडी भोळा माणूस ठेवत नाही.

तीन ठोके दिले. तिसऱ्याला आवाज वेगळा आला. खुटी किंचित आत गेली आणि मग हलेनाशी झाली. मला तर बरंच वाटलं, आता धरली म्हणून. हातोडी परत खिळ्याला लावली, चिंधी खिशात घातली, आणि बाकावर येऊन बसलो.

चार वाजून गेल्यावर मिस्त्रींनी चिखल बघितला, बिस्मिल्ला म्हणून खुटी धरली. ती जागची हलेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण संशयाने नव्हे. नुसतं नवल होतं. त्यांनी बल्ब जवळ घेतला, पुन्हा थोडं तेल सोडलं, आणि खुटी एवढी एवढी फिरवत बाहेर आणायला लागले. एक बारीक कर्र असा आवाज येत राहिला. वाटी बाहेर आली तेव्हा तिची कड फाटलेली होती, आणि त्या फाटक्या कडेने इंजिनातल्या बिळाला आतून लांब ओरखडा ओढला होता. ओढणारा हात मिस्त्रींचा होता.

त्याच वेळी सोबती पाहुण्यांना घेऊन पोचला. मिस्त्री तळहातावर वाटी घेऊन उभे होते. त्यांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर, "सकाळी खुटी माज्याकडनाच जास्त दाबली गेली. माका समाजला नाय. चूक माजी."

सोबत्याला पाहुण्यांपुढे काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला की हात गेला असेल तर माणसाने थांबावं, दुसऱ्याच्या वस्तूवर प्रयोग करू नयेत. एका पाहुण्याने मोबाइलवर फाटकी वाटी आणि मिस्त्रींचा चेहरा दोन्ही घेतले. रात्रीपर्यंत ते चित्र बंदरावरच्या प्रत्येक फोनवर होतं.

मी तिथेच होतो. तोंड उघडलं नाही.

गाडीचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. पुण्याहून दुसरी वाटी मागवली. मिस्त्रींनी तशाच एका खुटीला बारीक काचकागद गुंडाळून, चार दिवस नुसत्या बोटांनी फिरवून तो ओरखडा गुळगुळीत केला. काटा वर चढला. सोबती गाडी घेऊन गेला.

मिस्त्रींच्या शेडमध्ये मात्र दुसऱ्या आठवड्यात एका लाँचचं इंजिन आलं. त्यांनी कोळशाने चित्र काढलं, करवंट्या मांडल्या, ओहोटीला पाना लावला. मग पाना काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी मालकाला बोलावून सांगितलं की हे तू दुसरीकडे ने. मालकानेही फार आग्रह केला नाही, त्याच्या फोनवरही ते चित्र होतं. त्या दिवशी मिस्त्री माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. असे ते कधी बसत नसत.

"मास्तर, हाताचो भरवसो गेलो," ते म्हणाले. "किती दाबलंय ता माजा माकाच कळला नाय. आता कोणाच्या वस्तूक कसो हात लावू?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती चिंधी आता खिशात नव्हती, पण तोंडात जीभ होती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय होता माणसाचा, मिस्त्री." समजुतीच्या सुरात म्हणालो, खांद्यावर हात ठेवून. हातोडीचे ठोके तीन होते, हा चौथा. आणि याला घाईचंही निमित्त नव्हतं.

पावसाळ्याआधी शेड बंद झाली. माझं तिकडे जाणं आपोआप थांबलं, असं मी लोकांना सांगत आलो.

या वर्षी शिमग्याच्या आधी बाजारात मिस्त्रींची सून भेटली. घरचा नळ दुरुस्त करायला माणूस शोधत होती. मी सहज म्हणालो, घरात मिस्त्री असताना? ती म्हणाली, "बाबा खंय हात लावतत? पंख्याचो स्क्रूसुद्धा दुसऱ्याकडसून पिळून घेतत. म्हणतत, माज्या हातान मोडतला." मग हसली. "अकरा वर्सां झाली काका. आमका सवय झाली."

मला माहीत होतं की लोकांचा विश्वास उडाला होता. त्यांचा स्वतःवरचा उडाला तो अजून परत आलेला नाही, हे मी कधी जाऊन पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. मिस्त्री पडवीत खुर्चीवर बसले होते. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण अंगाने पार उतरलेले. सुनेने चहा आणला. मी कप हातात न घेता सगळं सांगितलं. शब्द कुणाचा होता, हातोडी कशी आणली, चिंधी का ठेवली. मधे कुठेच त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा जा म्हणतील. दोन्हीसाठी मी तयार होऊन गेलो होतो.

"किती ठोके?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"तिसऱ्याक आवाज बदाललो?"

"बदलला."

"बारीक झालो काय जाड?"

मी आठवून सांगितलं, बारीक. ते खुर्चीत पुढे झाले. त्यांचे डोळे तसे झाले होते जसे पूर्वी गाडी ऐकताना व्हायचे. "मगे थंयच कड फाटली," ते म्हणाले. "मी ओढूच्या आधीच. अकरा वर्सां मी त्येच इचार करतंय, मास्तर. खुटी सैल होती. माका म्हायत होता ती सैल होती. रात्री उठान परत मापतंय मनात. सैलच येता. मगे फाटली कशी?"

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. उत्तर मिळालेल्या माणसासारखं सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं. माफीबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत, अजूनही बोललेले नाहीत, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

मग त्यांनी सुनेला हाक मारून पाना मागितला. ती दारातच उभी राहिली. घरात पाना नव्हता. शेजारून आणला. मिस्त्री उठून मोरीपाशी गेले, नळावर पाना धरला. पाना नळावर टिकटिक वाजू लागला. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी वाजत राहिला. सून पुढे झाली, त्यांनी तिला मानेने नको म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि बोटांनी दाखवत गेले, इतकं, आता थांबा, आता परत. नळ मी पिळला. गळायचा थांबला.

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर पसरून बघत राहिले.

"ह्ये आता थरथरतत, ता खरा," ते म्हणाले. "तेव्वा थरथरत नव्हते. तुमका लिवता येता ना? मगे इतक्याच लिवा. बाकी काय लिवा नको."

बाकीचं मी लिहिलं, ते मला लिहिणं भाग होतं. पण त्यांनी सांगितलेलं ते असं: अकरा वर्षांपूर्वी, त्या शुक्रवारी सकाळी, मिस्त्रींचे हात थरथरत नव्हते. त्यांनी खुटी सैल बसवली होती, जशी बसवायला हवी तशी.